चार मजली वाक्य

१२ डिसेंबर

अखेर माझा नंबर लागला. ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या जानेवारीतल्या व्याख्यानमालेत निंबा पाटील बोलणार. विषय : ‘माणूस एवढी गुंतागुंतीची वाक्यं कशी बोलू लागला?’

मंडळाचे अध्यक्ष मोहनलालजी. जळगावात त्यांचं कापडाचं दुकान आहे, त्यामुळे ते प्रत्येक गोष्ट हातात घेऊन चुरगाळून बघतात. माझा विषयही त्यांनी तसाच बघितला. म्हणाले, “निंबाभाऊ, जरा हलकं काही घ्या ना. गुडघेदुखी घ्या, लोकं येतील.” मी म्हटलं, गुडघे बैलालाही असतात, वाक्य फक्त माणसाला असतं. ते हसले आणि तारीख दिली.

उभी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात काट्यांकडे आणि दिव्यांकडे बघण्यात गेली. तिथं कुणी माझं पाच मिनिटं सलग ऐकलं नाही. आता अख्खा हॉल ऐकेल. पुष्पाला सांगितलं तर ती म्हणाली, “चांगलं शे. नवा सदरा शिवी ल्या.” विषय काय, हे तिनं विचारलं नाही. मीच सांगितला.

१६ डिसेंबर

वाचन जोरात. मजा अशी की माकडाला खुणा शिकवता येतात. काही माकडांना आणि कावळ्यांना खुणांची रांगही ओळखता येते. पहिल्या खुणेचा शेवटच्या खुणेशी संबंध असेल आणि मधे भलतंच काही आलं, तरी काही माकडं तो संबंध धरून ठेवतात, असे प्रयोग झालेत. म्हणजे या हुशारीची मुळं बोलण्याच्या फार आधीची, आपल्या आणि त्यांच्या एकाच पूर्वजापर्यंत जाणारी असावीत. पण एका गोष्टीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी ठेवायची आणि पुन्हा सुखरूप बाहेर यायचं, हे सहज जमतं ते माणसालाच. मेंदूचा पुढचा भाग आणि कानामागचा भाग जोडणारी तंतूंची जुडी आपल्यात जास्त जाड असते म्हणे.

पण माणसाला याची गरज का पडली? इथं पंडितांची भांडणं आहेत. एक पक्ष म्हणतो, दगडाची कुऱ्हाड घडवताना कामाच्या पोटात काम असतं, तिथून मेंदूला सवय लागली. दुसरा म्हणतो, टोळ्या मोठ्या झाल्या, मग कोण कुणाबद्दल कुणाला काय म्हणालं हे ध्यानात ठेवावं लागलं. म्हणजे चुगल्या. मी कुऱ्हाडवाला. चुगल्यांतून एवढी मोठी गोष्ट निघेल हे माझ्या गळी उतरत नाही.

पुष्पावर प्रयोग केला. ती मेथी निवडत होती. विचारलं, “ज्या कुत्र्याला मांजर चावलं, त्याच्यामागे बकरी लागली. तर पुढे कोण पळतंय?”

“कुत्रं पुढे पयस, बकरी मांगे पयस, आनि मेथी निवडाले कोनी नही.”

उत्तर बरोबर. बाकीचं मी प्रयोगात धरलं नाही.

२२ डिसेंबर

आज घबाड मिळालं!

दुपारी जेवण झाल्यावर मी झोपाळ्यावर टिपणं काढत होतो. पुष्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदराला हात पुसत होती. हात कोरडे झाले तरी पुसतच होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

“लताबाईनी जी नणंद धरणगावले दियेल शे ना, तिनी जाऊ सांगे, तिना शेजारमा जी बाई राहस तिले छातीमा गाठ शे, पन ती घरमा कोनले सांगस नही.”

मी ताडकन उठलो. लताबाई, लताबाईची नणंद, नणंदेची जाऊ आणि जावेची शेजारीण! एकावर एक चार मजले, आणि कुठे धाप लागली नाही. मी पुस्तकांत उदाहरणं शोधत होतो, आणि इथं माझ्याच घरात, चौथी शिकलेली बाई उभ्या उभ्या इमारत बांधून मोकळी झाली.

ती म्हणाली, “मंग तिनी काय कराले जोयजे?”

“कुणी?”

“त्या बाईनी.”

“डॉक्टरकडे जावं. दुसरं काय?”

“एकटी कशी जाई?”

“नवरा नाही का तिला?”

“शे ना.”

“मग तो नेईल की.”

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. “बरं,” म्हणाली आणि वळली. मी तिला परत बोलावलं, मोबाईल काढला आणि सांगितलं, ते मघाचं जसंच्या तसं पुन्हा म्हण. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला बरं वाटलं असावं. इतक्या वर्षांत मी कधी तिचं बोलणं दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. तिनं सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून म्हटलं. रेकॉर्डिंग फार सुरेख आलंय. शेवटी आवाज जरा कापतो, पण मोबाईलसमोर बायका घाबरतातच.

२९ डिसेंबर

मोहनलालजींच्या ओळखीच्या मळ्यात यावलकडे भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तोंडी लावायला पातीचा कांदा. मी तीनदा वाढून घेतलं. नेहमी बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, भरीत कुटायला पुष्पा पुढे असते, तिच्यासारखा हात कुणाचा नाही. आज बसून राहिली. म्हणाली, हात दुखतो. राजकुंवरबाई, म्हणजे मोहनलालजींच्या पत्नी, त्यांनी कुटलं. त्यांना काय जमणार? पुष्पानं अशा वेळी माझी शोभा करायला नको होती, दोन हात मारले असते तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी आमच्या लेकीचा, कोकिळेचा, धुळ्याहून फोन. “बाबा, आईचं बघताय ना?”

मी म्हटलं, “बघतोय म्हणजे काय, तिला थेट भाषणातच घेतलंय!” ती म्हणाली, भाषण नाही हो बाबा, आणि तेवढ्यात तिची बस आली. लेकीला आईचं कौतुक ऐकायला सवड नाही.

४ जानेवारी

पुष्पानं आपणहून आणखी एक मजला चढवला. मी दाढी करत होतो. आरशात ती माझ्या मागे दिसत होती.

“ती बाई म्हनस, मनी मायले बी असंच व्हतं, पन मायनी कोनले सांगं नही, आनि मंग ती गयी.”

मी म्हटलं, “कुठली बाई?”

“धरणगावनी.”

“वा! तिच्या आईपर्यंत पोचलो की आपण. आणखी काय म्हणते ती?”

पुष्पा म्हणाली, “काही नही. दाढी करा तुम्ही, कापी जाई.” आणि गेली. नवीन मजला भाषणात घालावा का, हा प्रश्न आहे. श्रोत्यांना झेपेल का? चारच ठेवावेत.

११ जानेवारी

व्याख्यान झालं. दणक्यात झालं. पण मन जरा खट्टू आहे.

हॉल भरला होता. पुष्पा पहिल्या रांगेत राजकुंवरबाईंच्या शेजारी, जांभळी साडी नेसून. माकडं झाली, कावळे झाले, कुऱ्हाड झाली. कुऱ्हाडीपाशी दोघेतिघे पेंगू लागले. मग मी म्हटलं, “मंडळी, पुरावा शोधायला परदेशात जायची गरज नाही, तो रोज माझ्या ताटात भाकरी वाढतो!” आणि रेकॉर्डिंग लावलं. माईक मोबाईलजवळ धरला, त्यामुळे पुष्पाचा आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. “लताबाईनी जी नणंद...” पुरुष खो खो हसले. मी फळ्यावर चार चौकोन काढून एकेका बाईला एकेका मजल्यावर बसवलं आणि पुन्हा एकदा लावलं. टाळ्या.

बायकांच्या बाजूला मात्र दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. एकदम चिडीचूप. मला वाटतं विषय त्यांच्या डोक्यावरून गेला.

आणि पुष्पा! दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग चालू असतानाच उठून बाहेर गेली. तिच्यामागे राजकुंवरबाईही. पाणी प्यायला जायला हीच वेळ सापडली? मोहनलालजींनी शेवटी “आता पुष्पावहिनींसाठी टाळ्या” असं म्हटलं, तर खुर्ची रिकामी. मला कसंनुसं झालं. रिक्षात मी तिला बोललो. म्हटलं, तुझाच सत्कार आणि तूच गायब. ती रस्त्याकडे बघत होती. घरी येऊन तिनं खिचडी टाकली.

१२ जानेवारी

लिहवत नाही. पण लिहायला हवं.

सकाळी राजकुंवरबाई आल्या. एकट्याच, पायी. मी म्हटलं, या या, कसं वाटलं भाषण? त्या बसल्या नाहीत.

“निंबाभाऊ, ती गाठवाली बाई कोण?”

“असेल धरणगावची कुणी. मला वाक्याशी मतलब होता.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मीही पाहिलं. पुष्पा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे तिनं उजव्या हातानं पोटाशी धरला होता. डावा हात अंगाला चिकटलेला. गेले कित्येक दिवस तो तसाच असणार.

राजकुंवरबाई म्हणाल्या, “काल हिनं मला बाथरूममध्ये दाखवलं. लिंबाएवढी आहे. मी हिला आज डॉक्टरकडे नेते. तुम्ही येत असाल तर या.”

नवरा नेईल की, असं मीच म्हणालो होतो. ती उभी होती, विचारत होती, एकटी कशी जाई म्हणत होती, आणि मी झोपाळ्यावर बसून तिच्या नवऱ्याची खात्री देत होतो. वर तिला म्हटलं, पुन्हा म्हण. तिनं पुन्हा म्हटलं. तिला वाटलं असणार, यांना समजलं, आता नीट ऐकून घेतायत. म्हणून तर इतकं सावकाश बोलली. आणि तिची लाज मी माईकवर लावली, दोनदा, चौकोन काढून.

मला माझीच घाण वाटते. दुसरा शब्द नाही.

दवाखान्यात मी गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो. आत राजकुंवरबाई गेल्या, कारण पुष्पा म्हणाली, “त्यास्ले ऱ्हाऊ द्या बाहेर.”

१३ जानेवारी

कोकिळेला फोन केला. गाठीचं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, आईला काहीतरी होतंय हे मला दोन-तीन आठवड्यांपूर्वीच वाटलं होतं. मी खोदून विचारलं तर म्हणाली, तुना बापना कानवर घालेल शे, त्या देखतीन. म्हणून मी गप्प बसले.”

कानावर घातलंच होतं तिनं. माझ्या कानांनी काय केलं, ते लेकीला सांगायचं धाडस झालं नाही.

१६ जानेवारी

काल सुई घालून गाठीचा तुकडा तपासणीला घेतला. वाट बघायची आहे.

तेवढ्यात दुसरं लचांड. कुणीतरी भाषणाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला आणि तो फिरत फिरत लताबाईंपर्यंत गेला. लताबाई म्हणजे आमच्या चुलतभावाची बायको. तिचा फोन. तोंडाचा पट्टा असा सुटला की मोबाईल कानापासून लांब धरावा लागला. “भाऊ, मनी नणंदले आते बठ्ठं धरणगाव इचारी ऱ्हायनं, तुनी जाऊना शेजारमा कोनले गाठ शे? तिनी जाऊ रडी ऱ्हायनी. तिना शेजारमा तर म्हातारा झुलालबाबा एकटा राहस! तुम्ही भाषन करतस का लोकेस्नी बदनामी?”

मी ततपप करू लागलो. खरं सांगावं तर पुष्पाचा आणखी बोभाटा, न सांगावं तर त्या बायकांच्या नावाला काळं. पुष्पा भांडी विसळत होती, तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, “सांगी द्या ना. मनीच शे म्हनी सांगी द्या.”

मी फोन हातात धरून उभा. शेवटी तिनंच ओल्या हातानं तो घेतला आणि म्हणाली, “लताबाई, ती बाई मीच शे.” पलीकडचा पट्टा बंद पडला.

नंतर मी विचारलं, मग मला का नाही असं सांगितलंस? सरळ? ती म्हणाली, “आमना घरमा बायका असं नवराले तोंडवर सांगतीस का? दुसरीनं नाव लिसन सांगो. समजनारा समजी लेस.”

मलाही हे ठाऊक होतं. माझी आई अशीच बोलायची. पाळीचं असो, दिवस गेल्याचं असो, सासूनं उपाशी ठेवल्याचं असो, ते नेहमी “एक बाई” असायचं. आणि माझा अडाणी बाप डोकं खाली घालून ऐकायचा, दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपायचा आणि त्या “एका बाईला” माहेरी नेऊन सोडायचा.

२० जानेवारी

रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. शस्त्रक्रिया धुळ्यात करायचं ठरलं, कोकिळेचं घर तिथं आहे. डॉक्टर म्हणाल्या, काखेतही थोडं दिसतंय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. उशीर झालाय, फार नाही. मी त्या “फार” शब्दाला धरून बसलोय.

मोहनलालजी आले होते. म्हणाले, भाषण फार आवडलं लोकांना, भुसावळचं मंडळ बोलावतंय. मग त्यांना आठवलं आणि ते ओशाळले. मी त्यांना म्हटलं, मी चुकीचं सांगितलं सगळ्यांना. कुऱ्हाड नाही आणि चुगलीही नाही. कुणा बाईला दुखत असेल, आणि सांगायची लाज वाटत असेल, आणि न सांगून भागत नसेल, तेव्हा तिनं ते दुसरीच्या पोटात ठेवलं असेल, दुसरीला तिसरीच्या. त्यातून माणसाला असं बोलता येऊ लागलं असेल. पंडित काय म्हणतील कोण जाणे. पुराव्यादाखल माझ्याकडे एकच बाई आहे, आणि तिला मी पुरावा म्हणून पुन्हा कुठेही उभी करणार नाही.

मोहनलालजी म्हणाले, “पण निंबाभाऊ, तसं बोलणाऱ्याला ऐकणाराही लागला असेल की.”

ते सहज बोलून गेले. माझा चेहरा बघून त्यांनी घाईनं पाणी मागितलं.

२७ जानेवारी, धुळे

उद्या शस्त्रक्रिया. आज मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिघांना बसवून सगळं समजावलं. मी, पुष्पा आणि कोकिळा. बाई कडक पण भल्या वाटल्या. कागद चाळता चाळता त्यांनी चष्म्यावरून पुष्पाकडे पाहिलं.

“मावशी, गाठ लागून तीन-चार महिने झाले म्हणता. एवढं अंगावर का काढलंत?”

मी मनाशी ठरवून गेलो होतो. विचारलं तर सांगायचं, हिनं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. रात्रभर ते वाक्य घोकलं होतं. लहानसंच वाक्य होतं.

पुष्पा माझ्या आधी बोलली. नेहमीची बोली सोडून, शहरातल्या माणसांशी बोलते तशी, जपून.

“मी कुणाला सांगितलंच नाही, मॅडम. यांना तर काहीच माहीत नव्हतं.”

“बायका असंच करतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तुम्हाला खरंच काही कल्पना नव्हती, काका?”

कोकिळा माझ्याकडे बघत होती. आईनं मला सांगितलंय हे तिला माहीत आहे. ती वाट बघत होती, आणि ती कशाची वाट बघतेय हे मला कळत होतं. पुष्पानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा हात टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर आला आणि तिनं तो हलकेच दाबला.

मी म्हणालो, “नव्हती.”

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि पुढचं सांगू लागल्या, सकाळी किती वाजता यायचं, काय खायचं नाही. पुष्पा मान डोलावत होती. बोलणं संपल्यावर कोकिळा उठली. तिनं आईची पिशवी घेतली, आईला हाताला धरून उठवलं, आणि दोघी माझ्या पुढे निघून गेल्या. दार मागे लोटलं गेलं. ते मी उघडून बाहेर आलो.